काम शोधत आलेले हात

आपल्या बुऱ्हाणपूरचे तलम कापड सतराव्या शतकात इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जाई, असे फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये याने लिहून ठेवले आहे. पण दिवस फिरले की विणकरालाच वाट धरावी लागे. १६३०-३२ च्या दुष्काळात गुजरातचे विणकर घरेदारे सोडून निघाले. १८५७ नंतर उत्तरेकडचे मोमीन विणकर पोटासाठी दक्षिणेला उतरले. कोणी मालेगाव-भिवंडीस गेले, कोणी तापीकाठी आपल्याकडे स्थिरावले. पुढे ताप्ती मिल आली, यंत्रमाग आले. २०२० च्या टाळेबंदीत मिल थांबली आणि कामगारांपुढे तोच जुना प्रश्न उभा राहिला. या शहराची ओळख काम शोधत आलेल्या हातांनीच टिकवली. म्हणून आम्हांला वाटते, दारी काम मागायला आलेल्याला आपण परका म्हणू नये.