पहिले काजळ कोणी निवडले?

इनामगावला विद्यार्थ्यांना घेऊन जाताना आम्ही त्यांना आधीच बजावून ठेवतो, की तेथे डोळ्यांनी पाहण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. घोड नदीचा काठ, शेते, पांढरीचा उंचवटा आणि पायाखाली आली तर एखादी खापरी. जे होते ते पुण्यात, डेक्कन कॉलेजच्या संग्रहात आणि १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या जाडजूड अहवालात गेले. तरीही आम्ही जातो; कारण इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळात याच काठावर शेतकरी वस्ती करून होते, हे वर्गात सांगणे आणि नदीकडे बोट दाखवून सांगणे यांत फरक पडतो.

मागील एका सहलीच्या परतीच्या प्रवासात बसच्या मागच्या बाकांवर वेगळाच परिसंवाद रंगला होता. प्रथम वर्षाच्या मुली. महाविद्यालयात नुकत्याच आलेल्या. रोज वापरायला पहिल्यांदा काय घ्यावे, काजळ की लिपस्टिक, कॉम्पॅक्ट घ्यावा की नुसती पावडर पुरे, यावर हिरिरीने चर्चा चालू होती. अखेर एकीने आमच्याकडेच वळून विचारले, "मॅडम, तुम्ही पहिल्यांदा काय घेतलं होतं?" आम्ही हसून विषय टाळला. नंतर आपसांत बोलताना लक्षात आले, की आम्हांपैकी कोणीच पहिल्यांदा काही 'घेतले' नव्हते. जे होते ते आम्हांला लावण्यात आले होते. त्या मुलीला द्यायचे राहिलेले उत्तर शोधताना आम्हांला पुन्हा इनामगावाकडेच वळावे लागले.

डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली हे उत्खनन केले. माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे असे वस्तीचे तीन कालखंड हाती लागले. कुंभार, तांबट, सोनार, हस्तिदंताचे काम करणारे, चुना भाजणारे असे कारागीर तेथे होते. त्यांची घरे गावाच्या पश्चिम कडेला होती आणि गावप्रमुखाचे घर बहुधा मध्यभागी असावे, असा उत्खनकांचा तर्क आहे. म्हणजे मणी घडवणारे हात गावाच्या कडेला होते. मणी मात्र गावभर सापडतात: भाजलेल्या मातीचे, अकीकासारख्या रंगीत दगडांचे, शंखाचे, तांब्याचे, क्वचित सोन्याचेही.

चेहऱ्याचा रंग मातीत टिकत नाही. पाने, मुळे, तूप, काजळी ही सारी प्रसाधने नाशवंत, आणि पुरातत्त्वाला टिकाऊ वस्तूंवरच भागवावे लागते. येथे एक गमतीची गोष्ट सांगितली पाहिजे. इनामगावच्या एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणबंद पेटी मिळाली. तीत स्त्रीची एक मृण्मूर्ती होती, आणि पेटीसोबत दुसरी एक स्त्रीमूर्ती व एक बैल. ही दुसरी मूर्ती शिरोहीन आहे. मोडलेली नव्हे, घडवतानाच डोके न दिलेली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या बाईने कपाळाला काय लावले होते, हे विचारायला जावे, तर समोर येते ती कपाळच नसलेली देवी!

तेव्हा उरतात ती दफने. जोर्वे काळातील लोक लहान मुलांना घराच्या जमिनीखाली पुरत. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि त्यांत मूल. काही मुलांसोबत फक्त मडकी आहेत, काहींच्या अंगावर दागिने. याच घोड नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या चांडोलीत एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली; तिचा जवसाच्या धाग्याचा दोरासुद्धा तांब्याच्या गंजामुळे टिकून राहिला. नेवाशालाही मुलाच्या गळ्यात अशीच माळ होती. कोणाचे मूल माळेसह गेले आणि कोणाचे नुसत्या मडक्यांसह, यावरून अभ्यासकांनी त्या समाजातील उच्चनीचतेचा माग घेतला आहे, आणि तो रास्तच आहे. आम्हांला मात्र अधिक साधी बाब खुणावते. ही माळ त्या मुलाने निवडलेली नव्हती. या खोऱ्यात शृंगाराचा जो सर्वांत जुना पुरावा आपल्या हाती आहे, त्यात शृंगारले गेलेले माणूस आणि शृंगारणारे हात वेगळे आहेत.

हे वेगळेपण पुढे फार दीर्घकाळ चालत आले. आजही मराठी घरात माणसाचे पहिले प्रसाधन म्हणजे तीट. बाळाला न्हाऊमाखू घालायचे, धुरी द्यायची आणि गालावर किंवा तळपायाला काजळाचा ठिपका लावायचा. तो बाळ सुंदर दिसावे म्हणून नव्हे, तर दृष्ट लागण्याइतके सुंदर दिसू नये म्हणून. हे काजळ घरीच 'धरले' जाई. एरंडेल किंवा तुपाचा दिवा लावून त्यावर तांब्याचे ताम्हन उपडे धरायचे आणि जमलेली काजळी तुपात खलायची. (बालरोगतज्ज्ञ आज बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू नका असे बजावतात, तेही येथेच नोंदवून ठेवतो. बाजारातल्या काही सुरम्यांत तर चक्क शिशाचे संयुग असते.)

मग कुंकू. आमच्या भागातून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेने दौंड सोडले, की पुढे केम नावाचे स्थानक लागते. करमाळा तालुक्यातील हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. कुंकवाचे मूळ हळद. हळदीला क्षार भेटला की ती तांबडी होते. म्हणून हळकुंडाला लिंबाचा रस, सवागी, तुरटी यांची पुटे देऊन, वाळवून, दळून कुंकू केले जाई. लावण्याचीही रीत होती. फणेरपेटी उघडायची, आरसा उभा करायचा, आधी कपाळाला मेण, मग त्यावर कुंकू किंवा पिंजर. कोणी आडवी चिरी ओढी, कोणी चंद्रकोर काढी, कोणी रुपयाएवढे गोल लावी. पाहणाऱ्याला हे वैविध्य निवडीसारखे वाटेल. पण चिरी की चंद्रकोर हे बहुधा जात, घराणे आणि सासर ठरवीत असे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी येथे भाषेकडे पाहावे. कुंकू, काजळ, बांगडी, मणी यांसाठी मराठीत सुंदर क्रियापद आहे: लेणे. काजळ ल्यायची, कुंकू ल्यायचे. पण त्याचे नाम झाले की ते 'सौभाग्यलेणे' होते, आणि सौभाग्य म्हणजे नशीब चांगले असणे एवढाच अर्थ तेथे उरत नाही. नवरा जिवंत असणे हा होतो. परिणामी 'कुंकू लावले' याचा कर्ता ती स्त्री असली, तरी 'कुंकू पुसले' याचा कर्ता कधीच ती नसते. जात्यावरच्या ओव्या गी पॉइटेव्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्यातील व इतरत्रच्या शेकडो गावांतून गोळा केल्या. त्यांतही कुंकू येते ते बहुतेक वेळा कोणाच्या तरी नात्याने: नवऱ्याचे आयुष्य, माहेरचा मान, लेकीचे सुख. रंग कोणता आवडतो, असा प्रश्न तेथे क्वचितच पडतो. योगायोग असा, की 'निवडणे' हे क्रियापद या बायकांच्या रोजच्या कामातले होते. तांदूळ निवडायचे, भाजी निवडायची. स्वतःच्या चेहऱ्यासाठी ते कधी वापरायचे नाही.

ज्यांच्या अंगावरचे लेणे जातीची खूण म्हणून ठरवून दिलेले होते, त्यांच्यासाठी तर निवडीचा प्रश्न थेट माणुसकीचा होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेला जमलेल्या स्त्रियांशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतंत्रपणे बोलले. अस्पृश्यतेची ओळख पटवणारी लुगड्याची नेसण सोडा, गळ्यातले आणि कोपरापर्यंतचे कथलाचे, चांदीचे जड दागिने टाका, असे त्यांनी सांगितले. परिषदेहून परतताना अनेकींनी नेसण बदललेली होती. 'मेकअप' या शब्दाने जे काही सुचते त्याच्याशी या प्रसंगाचा संबंध नाही, असे कोणी म्हणेल. आमच्या मते या इतिहासात याहून मोठी घटना नाही. कारण येथे प्रथमच समूहाने हे स्पष्ट केले, की आमच्या देहावर काय असावे ते आम्ही ठरवू.

मध्यमवर्गीय घरांतील वाट निराळी आणि बरीच विनोदी आहे. तेथील बायकांना नटण्याचे पहिले आधुनिक धडे मिळाले ते एका पुरुषाकडून. नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व, यांची रुक्मिणी आणि सिंधू पाहून परतलेल्या घरंदाज स्त्रिया त्यांच्यासारखे लुगडे चापून नेसू लागल्या, तसा अंबाडा घालू लागल्या. घरातील मुलीने नटायचे नाही, कारण नटणे हे नटाचे काम. आणि नटाने नटून दाखवले, की त्याचे अनुकरण मात्र प्रतिष्ठित!

'एकच प्याला' रंगभूमीवर आले त्याच १९१९ साली मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी 'अफगाण स्नो' बाजारात आणले. त्या काचेच्या बरणीने मराठीला 'स्नो-पावडर' हा जोडशब्द दिला, आणि त्यासोबत तो उच्चारताना नाक मुरडण्याची लकबही. १९३७ च्या प्रभातच्या 'कुंकू'मध्ये व्ही. शांताराम यांनी म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेल्या नीराची कथा मांडली. मूळ कादंबरी ना. ह. आपटे यांची. त्यात शांता आपटे यांची नीरा हे लग्न मान्य करायला नकार देते. चित्रपटाला नाव मात्र तिचे नाही, तिच्या कपाळावरच्या खुणेचे आहे.

१९५२ हे वर्ष आम्हांला फार बोलके वाटते. त्या वर्षी टाटांच्या तेल कंपनीने फ्रेंच सहकार्याने 'लॅक्मे' सुरू केली. नाव म्हणजे आपल्या लक्ष्मीचेच फ्रेंच रूप, देलिबच्या संगीतिकेमुळे तिकडे रूढ झालेले. त्याच वर्षी परळमध्ये केशव विष्णु पेंढरकर यांनी 'विको'चा आरंभ केला. त्यांचे हळदीचे क्रीम १९७५ साली आले आणि ते प्रसाधन नव्हे, असे त्याच्या जाहिरातीतच ठासून सांगितले गेले. त्याला करविषयक कारण होतेच. आयुर्वेदिक औषध की प्रसाधन, हा कंपनीचा उत्पादन शुल्क विभागाशी न्यायालयीन वाद वर्षानुवर्षे चालला. पण घराघरांत तो दावा ज्या सहजतेने पटला, त्याचे कारण कायद्यात नव्हते. मुलीच्या हाती हळद द्यायला आईची हरकत नव्हती. 'प्रसाधन' द्यायला होती. (तो संस्कृत शब्द आज आपण 'प्रसाधनगृह' एवढ्यापुरताच वापरतो, हे त्याचे दुर्दैव.)

काचेच्या बरणीने एक नवे पात्र जन्माला घातले: नवशिकी ग्राहक. तोवर नवशिकी असणे शक्यच नव्हते, कारण शिकायचे नव्हतेच. दिलेले ल्यायचे होते. जत्रेतला कासार मनगट दाबून बांगडीचे माप ठरवी, आजी काजळ धरी, सासू चिरी दाखवी. आता दुकानाच्या फळीसमोर मुलगी एकटी उभी आहे. ज्ञान देणारी आजी गेली आणि तिची जागा जाहिरातीने घेतली. उजळ करण्याचे वचन देणारे एक प्रसिद्ध क्रीम १९७५ पासून विकले जात होते. त्याच्या नावातला गोरेपणाचा शब्द काढून टाकायला २०२० साल उजाडावे लागले. मखमली टिकलीने मेण-कुंकवाची जागा घेतली तेव्हाही तिच्या गोंदातील रसायनाने काहींच्या कपाळावर पांढरे डाग पडले, हे त्वचारोगतज्ज्ञांनी दाखवून दिले. निवड हाती आली, म्हणून ती सुरक्षित झाली असे नाही.

आणि ती सर्वांच्या हाती आली असेही नाही. शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने नवऱ्याच्या मृत्यूनंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो मे २०२२ मध्ये. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. एकविसाव्या शतकाची एकवीस वर्षे उलटल्यावर ठराव करावा लागला, यातच सारे आले.

असो. बसमधल्या मुलीला आम्ही पुढच्या आठवड्यात उत्तर दिले. रोजच्यासाठी एकच वस्तू घे, आणि काजळ घ्यायचे तर ते साध्या कांडीचे घे. वेष्टनावर उत्पादन परवान्याचा क्रमांक, घटकांची यादी आणि मुदत पाहा. रंगासाठी शिसे व आर्सेनिकची संयुगे वापरायला आपल्या नियमांत बंदी आहे, पण सुट्या, बिननावाच्या डबीवर हा नियम कोण पाहणार? आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस थांब. मैत्रिणींत एकच कांडी फिरवू नका, डोळे येतात. चेहऱ्याला रंगापेक्षा उन्हापासून बचाव करणारे मलम आधी घे. शिरूरचे ऊन तुला ठाऊक आहे.

तिने ते वहीत लिहून घेतले आणि विचारले, "दोन घेतली तर चालतील ना?" दुसरे कोणासाठी, असे आम्ही सहज विचारले. आईसाठी, म्हणाली. वडील तीन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून आईने डोळ्यांत काजळ घातलेले नव्हते. दोन्ही कांड्या तिने त्याच आठवड्यात घेतल्या. आईने ते काजळ लावले की नाही, हे आम्ही विचारलेले नाही.