पाळीचं गणित उलटं का मोजायचं?

आईच्या किंवा मावशीच्या स्वयंपाकघरातलं जुनं कालनिर्णय कधी चाळलंय? गॅस कधी लावला, दूधवाला कधी आला नाही, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. आणि दर महिन्याला एका तारखेभोवती पेनानं केलेला बारीकसा गोल असतो. त्याच्या शेजारी एक अक्षरही नसतं. तो गोल कसला, हे घरातल्या बायकांना सांगावं लागत नाही.

आता तो गोल तुमच्या फोनमधल्या अ‍ॅपमध्ये असतो. अ‍ॅप मात्र तिथे थांबत नाही. बरीच अ‍ॅप्स तारखेपासून साधारण चौदा दिवस मोजतात आणि जाहीर करतात, 'आज ओव्ह्युलेशन', म्हणजे आज अंडाशयातून बीज बाहेर पडणार. मी प्रबंध लिहीत होते त्या वर्षी माझ्या अ‍ॅपनंही असाच एक दिवस ठरवून टाकला होता. त्या महिन्यात पाळी बारा दिवस उशिरा आली. मला वाटलं, माझ्याच शरीराचं काहीतरी बिघडलंय. चुकलं होतं ते अ‍ॅपचं मोजणं. या चुकीला बराच मोठा इतिहास आहे, आणि त्याची किंमत बायकांनीच मोजली आहे.

सुरुवात इंग्लंडमधल्या लीड्सपासून करूया. हेन्री ऑलबट हे तिथले डॉक्टर. त्यांनी 'द वाइफ्स हँडबुक' नावाचं छोटं पुस्तक काढलं, किंमत सहा पेन्स. कामगार वस्तीतल्या बाईलाही परवडावं म्हणून. त्यात गर्भधारणा टाळायचे उपायही दिले होते. १८८७ साली वैद्यकीय परिषदेनं त्यांचं नाव डॉक्टरांच्या यादीतून काढून टाकलं. असलं पुस्तक इतकं स्वस्त विकलं, हाच त्यांच्यावरचा एक आक्षेप होता!

ऑलबट धाडसी होते, यात शंका नाही. पण 'सुरक्षित दिवसां'बद्दल त्यांच्याकडे जी माहिती होती, ती त्या काळच्या सगळ्या डॉक्टरांकडे होती तीच: पाळीच्या आधीचे आणि नंतरचे काही दिवस टाळा, मधले दिवस निर्धोक. आज आपल्याला माहीत आहे की बहुतेक बायकांमध्ये गर्भ राहण्याची शक्यता सर्वात जास्त असते ती याच मधल्या दिवसांत. म्हणजे ज्या बाईनं हा सल्ला मनापासून पाळला, तीच सगळ्यात आधी फसली.

एवढी मोठी चूक झाली कशी? कुत्रीमुळे. १८४३ च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ बिशोफ यांनी दाखवून दिलं की कुत्रीच्या अंडाशयातून बीज आपोआप बाहेर पडतं, आणि तेही ती माजावर असताना. कुत्रीला माजाच्या आधी रक्तस्राव होतो. बाईलाही रक्तस्राव होतो. मग दोन्ही एकच, असं मानलं गेलं आणि बाईचं बीजही पाळीच्या आसपासच सुटतं, हे ठरून गेलं. बायकांना कुणी विचारलं नाही, आणि बीज बाहेर पडताना बघायची सोय तर नव्हतीच.

या समजुतीवर पहिला मोठा प्रश्न उभा राहिला तो आपल्याकडच्या वानरांमुळे. देवळाच्या कळसावर बसणारी ती काळ्या तोंडाची वानरं. केंब्रिजचे प्राणिशास्त्रज्ञ वॉल्टर हीप यांनी भारतातून मिळवलेल्या या वानरांच्या पाळीवर १८९४ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. पुढे १८९७ मध्ये लाल तोंडाच्या माकडांवरही लिहिलं. वानरींना आपल्यासारखीच पाळी येते, पण रक्तस्राव आणि बीज सुटणं या गोष्टी बरोबरीनं होतातच असं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. तरी पाठ्यपुस्तकं बदलायला आणखी तीसेक वर्षं लागली.

मधल्या काळात काय झालं बघा. १७ मार्च १९२१ रोजी लंडनच्या हॉलोवे भागात मेरी स्टोप्स यांनी संततिनियमनाचं केंद्र उघडलं. त्याच वर्षी मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनीही असंच केंद्र सुरू केलं. हे कर्वे म्हणजे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. पुढे याच कामापायी त्यांना नोकरी सोडावी लागली. पण १९२१ साली गणिताच्या या प्राध्यापकालासुद्धा दिवसांचं बरोबर गणित सांगू शकेल असं पुस्तक जगात नव्हतं.

ते गणित सोडवलं जपानमधल्या निगाता शहरातल्या क्युसाकू ओगिनो या डॉक्टरनं. पोटाच्या शस्त्रक्रियांच्या वेळी तो अंडाशय नीट पाहायचा आणि त्या बाईच्या पाळीच्या तारखांशी ताडून बघायचा. मागच्या पाळीपासून मोजलं तर दिवस जुळेनात. मग त्यानं पुढच्या पाळीपासून मागे मोजलं, आणि हिशेब लागला: बीज सुटतं ते पुढची पाळी येण्याच्या १२ ते १६ दिवस आधी. त्याचा निबंध जपानीत १९२४ साली आला, जर्मनमध्ये १९३० साली. ऑस्ट्रियात हेर्मान क्नाउस स्वतंत्रपणे जवळपास याच उत्तरापाशी पोचला होता.

उलटं मोजल्यावर का जुळतं? बीज सुटल्यावर अंडाशयात मागे राहिलेल्या आवरणाचं पीतपिंड बनतं. ते प्रोजेस्टेरॉन तयार करतं आणि गर्भाशयाचं अस्तर टिकवून धरतं. गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांत पीतपिंड सुकतं, प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि पाळी येते. म्हणजे पाळीची तारीख ओव्ह्युलेशन ठरवतं. त्याच्या आधीचा काळ मात्र आजारपण, ताण अशा कारणांनी लांबू शकतो. २४ दिवसांच्या चक्रात बीज दहाव्या दिवसाच्या आसपास सुटेल, ३५ दिवसांच्या चक्रात एकविसाव्या. माझी पाळी बारा दिवस 'उशिरा' आली, कारण बहुधा बीजच उशिरा सुटलं होतं.

पण यात एक गोची आहे. पुढची पाळी कधी येणार, हे आधी कुणाला माहीत असतं? १९५२ पासून भारत सरकारनं जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं दिल्लीतल्या लोदी कॉलनीत आणि म्हैसूर राज्यातल्या रामनगरमला 'सुरक्षित दिवसां'चा प्रयोग केला. बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या. रोज एक मणी सरकवायचा आणि रंग बघून दिवस कसला ते ओळखायचं. आता शास्त्र बरोबर होतं, तरी प्रयोग फारसा चालला नाही. मण्यांची संख्या ठरलेली होती, शरीराचं तसं नव्हतं.

तुमचं अ‍ॅप ही त्याच माळेची नवी आवृत्ती. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांसह २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा लाखांहून जास्त चक्रं तपासली गेली. नेमकी २८ दिवसांची निघाली फक्त १३ टक्के. बीज सुटण्याचा सरासरी दिवस होता सतरावा, चौदावा नाही.

म्हणून अ‍ॅप जरूर वापरा, पण 'आज ओव्ह्युलेशन' हा अंदाज आहे, एवढं लक्षात ठेवा. शरीराचं तापमान किंचित वाढतं ते बीज सुटून गेल्यावर. लघवीतल्या संप्रेरकाची चाचणी एखाद-दोन दिवस आधी सूचना देते. पण शुक्राणू पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. तेव्हा गर्भ नको असेल तर नुसत्या तारखांच्या भरवशावर राहू नका. इथे यूकेत एनएचएसकडून गर्भनिरोधकं मोफत मिळतात. लाज न बाळगता विचारा.

आणि पुढच्या वेळी आईशी व्हिडिओ कॉल लागेल तेव्हा तिला कालनिर्णयवरच्या त्या गोलांबद्दल विचारून बघा. तिच्या पाळ्यांमध्ये किती दिवसांचं अंतर असायचं, ते बहुधा तिला अजून आठवत असेल. आणि तो आकडा दर महिन्याला २८ नसेल.