विश्वासाचे भांडवल

बालाघाट जिल्ह्यातील परसवाडा आणि नागपूर आज दोन निराळ्या राज्यांत आहेत. परंतु 1956 पर्यंत परसवाड्याच्या डोंगराळ मुलखाची राजधानी नागपूरच होती. जुन्या मध्यप्रांतात माणसाचे काम ऋतूंच्या चालीने चाले. पेरणीला धावपळ, कापणीला रात्रीचा दिवस, मधल्या काळात विसावा. नागपूरचा कोष्टी आपल्या घरच्या मागावर बसे. केव्हा बसावे आणि केव्हा उठावे, हे तोच ठरवी. अशा मुलखात 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि भोंगा माणसाचा धनी झाला.

गिरणीचा कारभार जमशेटजींनी बेझनजी दादाभाई मेहता यांच्या हाती दिला. बेझनजी रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले. गिरणीधंद्याचा त्यांना अनुभव नव्हता. मालकाने प्रथम स्वतः विश्वास टाकला, मगच तो इतरांकडून अपेक्षिला. आरंभी काटकसरीने घेतलेली यंत्रे हलकी निघाली, माल उतरेना. तेव्हा चूक कामगारांच्या माथी न मारता जमशेटजींनी खर्च सोसून चांगली यंत्रे आणविली. आपली चूक आपल्या पदरात घेणे, ही पुढारपणाची पहिली कसोटी होय.

दुसरी कसोटी गैरहजेरीची होती. माणसे कामावर येत आणि मन मानेल तेव्हा घरी राहत. दंड करणे, काढून टाकणे हा सोपा मार्ग होता. भीतीने माणूस दारापर्यंत येतो. परंतु त्याचे मन कामात येत नाही. जमशेटजी व बेझनजींनी कामगारांसाठी बक्षिसे ठेवली, खेळांचे मेळावे भरविले. गिरणीत हवा खेळती व दमट ठेवण्याची आणि आग विझविण्याची साधने बसविली. 1886 मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला. 1895 पासून अपघातात इजा झालेल्यांना भरपाई मिळू लागली.

या सालांचे महत्त्व कायद्याशी ताडून पाहिले म्हणजे कळते. अपघाताच्या भरपाईचा कायदा हिंदुस्थानात 1923 मध्ये झाला. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा 1952 मध्ये. जे देण्यास कोणी भाग पाडीत नव्हते, ते येथे आधी दिले गेले. आणि निधी म्हणजे तरी काय? वीस वर्षांनंतरही हा धनी शब्द पाळील, एवढ्या भरवशावर माणसाने आपले आयुष्य बांधणे.

तथापि या चित्राला सोनेरी मुलामा देणे योग्य नव्हे. 1881 चा कारखाने कायदा केवळ मुलांच्या तासांना मर्यादा घालणारा होता; प्रौढ पुरुषांच्या तासांना ती 1911 पर्यंत नव्हती. कष्ट कठीण होते, आणि देणे किती व केव्हा, हे ठरविणारा हात मालकाचाच होता. मालकाच्या सद्बुद्धीवर उभा असलेला विश्वास त्या बुद्धीइतकाच टिकतो. म्हणूनच पुढे कायदा आणि संघटना यांची गरज पडली.

1986 मध्ये गिरणी राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि काही वर्षांनी बंद पडली. ज्या भोंग्याने शहराचा दिवस ठरविला, तो शांत झाला. एका पिढीने मिळविलेला विश्वास दुसऱ्या पिढीच्या खाती आपोआप जमा होत नाही. यंत्रे एकदा विकत घेता येतात. विश्वास मात्र प्रत्येक पगाराच्या दिवशी, प्रत्येक अपघाताच्या वेळी, पुन्हा नव्याने कमवावा लागतो.