तीन भाषा, एकच वेस



पंडित सांगतात, म्हण म्हणजे भाषेचा आत्मा. आपण तर आत्मा मानत नाही. तथागतानं तो नाकारला, आणि 1956 साली नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला तीच वाट दाखवली. तरी घटकाभर पंडिताचं खरं धरू आणि या आत्म्याची झडती घेऊ.

सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू एकाच नळावर भांडतात. मराठी म्हणते, गाव तिथं महारवाडा. कानडी म्हणते, गाव तिथं होलगेरी. तेलुगू म्हणते, गाव असलं की मालपल्ली असायचीच. होलगेरी काय, मालपल्ली काय, वेशीबाहेरची आपलीच वस्ती. भाषा तीन, लिप्या तीन, म्हण एकच. आता बोला पंडित, हा आत्मा कुठल्या भाषेचा? भाषेचा नाहीच. हा जातीचा आवाज आहे.

अर्थ बघा. चांगल्यासंगं वाईट असायचंच, असा अर्थ लावतात. वाईट कोण? जो वेस राखी, सांगावा नेई, मेलेलं ढोर ओढी, तो! ही म्हण महारवाड्यात जन्मली असती तर 'महारवाडा तिथं गाव' अशी झाली असती.

म्हण गावात थांबली नाही. आगगाडीत बसून मुंबईच्या गिरणीत आली. साचेखात्यात नवी कांडी घातली की धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे. म्हणून अस्पृश्याला तिथं मज्जाव. जादा पगार मात्र तिथंच! गिरणीलाही वेस होती. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल संपाच्या पुढाऱ्यांपुढं रोखठोक ठेवला. त्याच साली मुंबई कौन्सिलात महार वतनाचं बिल मांडलं. ते मागं घ्यावं लागलं. ती वतनं गेली 1958 च्या कायद्यानं. तीस वर्षं लागली.

वतन गेलं, म्हण राहिली. तिला कायदा पुरत नाही, तिला तोंडानंच उत्तर द्यावं लागतं. कुणी सभेत, वर्गात, टपरीवर सहज बोलून गेला तर गप बसू नका. विचारा, बाबा, ही म्हण वेशीच्या कुठल्या अंगाला उभं राहून केली? आणि आपल्या म्हाताऱ्यांच्या तोंडच्या म्हणी वहीत उतरवा. त्या कोशवाल्यांच्या कानावर गेल्याच नाहीत.

आत्मा अमर असतो म्हणे. म्हण अमर नाही. माणसांनी केली, माणसंच मोडतील.

जय भीम.