उपकरण अवतरण, लहान वेगवान विमानांतील

ढग किंवा धुक्यामुळे धावपट्टी दिसत नसताना रेडिओ-संकेतांच्या आधाराने विमान तिच्या तोंडाशी आणण्याच्या पद्धतीस आयएलएस म्हणतात. अमेरिकेत २६ जानेवारी १९३८ रोजी बोइंग २४७ हे प्रवासी विमान वॉशिंग्टनहून निघून हिमवादळात या पद्धतीने पिट्सबर्गला उतरले. प्रस्तुत नोंद मात्र एकटा वैमानिक चालवतो त्या, एका पिस्टन इंजिनाच्या विमानापुरती आहे. इंजिन २०० अश्वशक्तीहून मोठे असले की अमेरिकी नियमांनुसार विमान ‘हाय परफॉर्मन्स’ ठरते आणि ते एकट्याने चालवण्याआधी लॉगबुकात प्रशिक्षकाची वेगळी नोंद लागते. बीचक्राफ्ट बोनान्झा हे या गटातले परिचित नाव, जरी १९४७ च्या मूळ बोनान्झाचे इंजिन या मर्यादेच्या आतलेच होते; पुढच्या ए-३६ मध्ये ते ३०० अश्वशक्तीपर्यंत गेले.

जमिनीवरून दोन झोत सोडलेले असतात. लोकलायझर १०८ ते ११२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात धावपट्टीची मध्यरेषा दाखवतो. उतरणाऱ्या विमानाच्या डाव्या अंगाला ९० हर्ट्झचा आणि उजव्या अंगाला १५० हर्ट्झचा स्वर प्रबळ असतो. ग्लाइड स्लोप हीच युक्ती उभ्या दिशेत करतो आणि साधारण ३ अंशांचा उतार आखून देतो. दोन्ही स्वर सारखे झाले की काटा मधोमध येतो. उताराच्या खऱ्या झोताच्या वर खोटे झोतही असतात, म्हणून तो नेहमी खालून गाठायचा.

हे झोत धावपट्टीकडे निमुळते होत जातात आणि नवशिक्याची दमछाक होते ती इथेच. ग्लाइड स्लोपचा काटा टोकाला जाण्यासाठी अँटेनापासून ५ सागरी मैलांवर सुमारे ३७० फुटांची चूक लागते. २०० फूट उंचीवर ४७ फूटही पुरतात. लांबवर चालून जाणारी १० अंशांची दुरुस्ती शेवटच्या मैलात विमान रेषेच्या पलीकडे नेऊन टाकते. तिथे दिशा दोन-तीन अंशांहून अधिक बदलू नये, असे प्रशिक्षक सांगतात. काट्याच्या मागे धावायचे नाही. दिशा आणि उतरण्याचा दर पक्का धरायचा आणि काटा कुठे सरकतो ते पाहायचे.

दर काढण्याचा तोंडी हिशेब सोपा आहे: जमिनीसापेक्ष वेगाच्या नॉटना पाचाने गुणावे. ९० नॉटला मिनिटाला ४५० फूट, ११० ला ५५०. उत्तर किंचित कमी येते, पण कामाला पुरते. हवेतला वेग ११० आणि समोरून २० नॉट वारा असेल तर ४५० धरावे; खाली येताना वारा पडत गेला की तेवढा दर पुरत नाही आणि विमान उताराच्या वर राहू लागते.

वेगवान विमानाची खरी अडचण त्याच्या निसरडेपणात आहे. बोनान्झा १६० नॉटने येत असते, मागे जेट असल्याने नियंत्रक वेग कमी करू देत नाही आणि चाके आत असताना नाक खाली केले की वेग वाढतच जातो. त्यामुळे निम्मे काम झोत लागण्यापूर्वीच उरकावे लागते. रूढ रीत अशी: सपाट उड्डाणात वेग ११०-१२० नॉटवर आणून फ्लॅप ‘अप्रोच’ला ठेवायचे, शक्ती ठरलेल्या आकड्यावर लावायची आणि ग्लाइड स्लोपचा काटा वरून सरकत मध्याच्या जवळ आला की चाके सोडायची. थ्रॉटलला हात न लावताही चाकांच्या अवरोधाने विमान जवळपास हव्या त्या उताराला लागते. शिवाय चाके विसरून उतरण्याचा धोकाही टळतो. ३१० अश्वशक्तीच्या सिरस एसआर२२ ची चाके कायम बाहेरच असतात, त्यामुळे तिथे ही सोय नाही. उतार फक्त शक्ती आणि फ्लॅपने साधायचा.

पहिल्या वर्गाच्या आयएलएसमध्ये निर्णय-उंची धावपट्टीपासून साधारण २०० फूट असते. तिथून धावपट्टीचे तोंड जेमतेम अर्ध्या मैलावर असते आणि ११० नॉटला ते अंतर सुमारे १५ सेकंदांत संपते. अमेरिकी नियमानुसार नुसते अप्रोच दिवे दिसले तरी १०० फुटांपर्यंत जाता येते. त्याखाली त्या दिव्यांतल्या लाल पट्ट्या किंवा खुद्द धावपट्टीची खूण स्पष्ट दिसावी लागते. ढगातून बाहेर आल्यावर पूर्ण फ्लॅप द्यावेत का, याबद्दल मतभेद आहेत. आयएलएसच्या धावपट्ट्या बहुधा लांब असल्याने इतक्या खाली विमानाची मांडणी न बदलणेच बरे.

काही दिसले नाही तर वर जायचे. अपघाताच्या दृष्टीने हा टप्पा नाजूक. पूर्ण शक्ती दिली की ३०० अश्वशक्तीचे इंजिन नाक डावीकडे ओढते आणि उतरण्यासाठी लावलेला ट्रिम ते वर रेटतो. त्याच वेळी वेगवाढीमुळे कानातल्या तोलेंद्रियाला नाक आहे त्याहून बरेच वर गेल्याचा भास होतो. त्या भासावर विश्वासून काठी पुढे ढकलली तर विमान जमिनीकडे जाते. म्हणून क्रम पाठ असावा लागतो: शक्ती, उजवे पॅडल आणि क्षितिजदर्शकावर नाक; चढ पक्का झाल्यावर चाके, मग फ्लॅप.

या गटातल्या बहुतेक विमानांचे ऑटोपायलट दोन्ही झोत धरून ठेवतात, पण थ्रॉटल त्यांच्या हाती नसतो. वेग वैमानिकानेच सांभाळायचा. २००३ मध्ये सुरू झालेल्या वास या उपग्रहप्रणालीमुळे जमिनीवर आयएलएस नसलेल्या छोट्या विमानतळांवरही, काही ठिकाणी २०० फुटांपर्यंत, असेच उतरता येते. उपकरण-उड्डाणाचा हक्क चालू ठेवण्यासाठी अमेरिकी वैमानिकाला मागच्या सहा महिन्यांत सहा अप्रोच दाखवावे लागतात. त्यांत ऑटोपायलटने उडवलेलेही धरले जातात, ही सवलत जरा सढळच म्हणायची.