इंग्रजीतले ‘भारी’ शब्द मराठी माणसाला सोपे का जाऊ शकतात?

खराडीच्या इऑन आयटी पार्कमध्ये किंवा शेजारच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये नोकरी लागली की कामापेक्षा मीटिंगमधल्या इंग्रजीचं टेन्शन जास्त येतं. मराठी माध्यमातून आलेल्यांना तर विचारूच नका. मग ‘रोज १० नवे शब्द’वाले रील्स सेव्ह होतात आणि आठवड्याने त्यातला एकही आठवत नाही. पण यातल्या बऱ्याच शब्दांचे नातेवाईक आपल्याच घरात आहेत.

दात म्हणजे टूथ, पण दातांसंबंधीचं ते डेंटल. इथे ‘दंत’ दिसतो. पाय म्हणजे फूट, पण पायी चालणारा पेडेस्ट्रियन. इथे ‘पद’ आहे. वडील फादर, पण वडिलांकडचं ते पॅटर्नल, म्हणजे ‘पितृ’. गंमत बघा, इंग्रजीतला साधा शब्द आपल्यापासून लांबचा आणि अवघड शब्द जवळचा.

असं का? कोलकात्यात न्यायाधीश असलेल्या विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये एशियाटिक सोसायटीतल्या भाषणात सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एकच असावं. इंग्रजीही याच कुळातली, पण तिच्या जर्मॅनिक शाखेत फार पूर्वीच उच्चार सरकले. ‘प’चा ‘फ’ झाला, ‘द’चा ‘ट’ झाला. हा नियम १८२२ मध्ये याकोब ग्रिम यांनी सविस्तर मांडला. (हो, परीकथावाल्या ग्रिम बंधूंपैकी थोरले.) पुढे १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच आली. फ्रेंच आणि लॅटिनमधून हजारो शब्द इंग्रजीत शिरले. त्यांच्यात हे उच्चार तसे सरकलेले नव्हते, म्हणून ते आपल्याला ओळखीचे वाटतात.

आता ऑफिसात ऐकू येणारे शब्द घ्या. ‘नॉमिनल’ फी म्हणजे नाममात्र शुल्क. ‘नाम’ दोन्हीकडे आहे. ‘इग्नॉमिनी’ म्हणजे नाचक्की. लॅटिनमध्ये त्याची फोड ‘नाव नसणं’ अशी होते, आणि आपणही ‘नाव घालवलंस’ म्हणतोच की. ‘सेडेंटरी’ म्हणजे बैठं काम. दिवसभर लॅपटॉपसमोर बसणाऱ्यांना डॉक्टर ऐकवतात तो शब्द. त्यातला ‘सेड’ म्हणजे संस्कृतातला ‘सद्’, बसणे. सदन, संसद, परिषद हे सगळे त्यातूनच आलेत. ‘मॅग्नॅनिमस’ म्हणजे मोठ्या मनाचा. त्यातला ‘मॅग्न’ हा आपल्या ‘महा’चा भाऊ.

माझा सगळ्यात आवडता शब्द ‘सब्जुगेट’, म्हणजे अंकित करणं. लॅटिनमध्ये ‘जुगुम’ म्हणजे बैलांच्या मानेवरचं जू. ‘सब’ म्हणजे खाली. थोडक्यात, जुवाखाली आणणं. आपलं ‘जू’ संस्कृत ‘युग’वरून आलं आणि ‘जुगुम’ही त्याच मुळाचं. शेतकऱ्याच्या घरातून खराडीत आलेल्या पोराला हा शब्द पाठ करावा लागू नये.

पण सरसकट नाती जोडू नका. ‘इंग्रजी संस्कृतातून आली’ हा व्हॉट्सॲप फॉरवर्ड चुकीचा आहे. जोन्स यांनी आई-मुलीचं नाही, बहिणींचं नातं सांगितलं होतं. आणि सारखा दिसणारा प्रत्येक शब्द नात्यातला नसतो. ‘डिव्हाइन’ आणि ‘देव’ एकाच मुळाचे, पण ‘थिऑलॉजी’मधल्या ग्रीक ‘थेऑस’चा देवाशी संबंध नाही, अर्थ सारखा असूनही!

शिवाय मूळ कळलं म्हणजे आजचा अर्थ कळला असंही नाही. ‘इग्रीजियस’चा मूळ अर्थ कळपातून उठून दिसणारा, आणि एकेकाळी ते कौतुक होतं. आज ‘इग्रीजियस एरर’ म्हणजे अक्षम्य चूक. अप्रेझलच्या मेलमध्ये तो दिसला तर पार्टी देऊ नका. त्यामुळे नवा शब्द भेटला की ऑनलाइन डिक्शनरीत आधी आजचा अर्थ आणि वाक्यातला वापर बघा, मग खाली ‘ओरिजिन’ किंवा ‘एटिमॉलॉजी’वर जा. तिथे लॅटिन दिसलं की एकदा मराठीत शोधाच.