नाकाचे दप्तर

वैद्यकशास्त्राच्या इतिहासात इंदूर शहराचे नाव नोंदले गेले, ते नाकाच्या निमित्ताने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, संशयाने पेटलेल्या नवऱ्याने बायकोचे किंवा वैऱ्याने वैऱ्याचे नाक छाटावे अशा क्रूर चाली ज्या मुलखात अद्याप चालू होत्या, त्या मुलखातील दुर्दैवी जीव इंदूरच्या रेसिडेन्सी हद्दीतील धर्मार्थ रुग्णालयाची वाट धरीत. आणि तेथील रेसिडेन्सी सर्जन डी. एफ. कीगन हे त्यांच्या कपाळाची त्वचा खाली वळवून नवे नाक घडवीत, एवढेच नव्हे तर त्या नाकास आतून त्वचेचेच अस्तर देण्याची सुधारणाही त्यांनी केली. या शस्त्रक्रियेवरील त्यांचा ग्रंथ 1900 साली लंडन येथे प्रसिद्ध झाला.

ही विद्या कीगनसाहेबांनी विलायतेहून आणली नव्हती. टिपूशी झालेल्या युद्धात नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानास पुण्याजवळच्या एका वीटकरी जातीच्या कारागिराने नवे नाक दिले, ती क्रिया दोन इंग्रज वैद्यांनी प्रत्यक्ष पाहिली, आणि 1794 साली लंडनच्या एका मासिकात तिची हकीकत छापून आल्यावर युरोपातील शल्यवैद्य जागे झाले. पुण्याच्या त्या कारागिराचे नावही आज कोणास ठाऊक नाही, कारण त्याची कला हातातून हातात गेली, कागदावर उतरली नाही. कीगन यांचे नाव मात्र टिकले, याचे कारण कौशल्याइतकेच त्यांच्या नोंदींत आहे. 1878 साली इंदुरास वैद्यकीय शाळा स्थापन झाली, तिने या मुलखास जे दिले त्यात औषधांइतकेच मोल रुग्णाची हकीकत लिहून ठेवण्याच्या शिस्तीचे होते.

नाकाचा दुसरा विकार, जो रक्त सांडत नाही परंतु ऋतू पालटला की मनुष्यास दिवसभर शिंकांनी व डोळ्यांच्या पाण्याने हैराण करतो, त्याचा इतिहासही अशाच टिपणांतून उभा राहिला. आपल्या वैद्यांनी प्रतिश्यायाचे, म्हणजे सर्दीचे, विवेचन फार पूर्वी केले होते, आणि सुश्रुताच्या उत्तरतंत्रात त्यास स्वतंत्र अध्याय आहे. परंतु विशिष्ट ऋतूत नेमाने येणाऱ्या या व्याधीचे आधुनिक वर्णन 1819 साली लंडनच्या जॉन बोस्टॉक यांनी स्वतःच्याच दुखण्यावरून केले, आणि तिचे कारण परागकण होत हे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी 1873 साली स्वतःवर प्रयोग करून दाखविले. 1911 साली लेनर्ड नून यांनी परागाचा अर्क अल्प प्रमाणात टोचून शरीरास हळूहळू सहिष्णू करण्याची रीत मांडली. ती संथ होती, मुदतीची होती, आणि तीत प्रत्येक मात्रेची नोंद ठेवल्यावाचून पुढचे पाऊल टाकता येत नसे.

आपल्याकडे या व्याधीस एक नवे कारणही लाभले. 1955च्या सुमारास पुण्यात प्रथम दृष्टीस पडलेले आणि परदेशी धान्याबरोबर आले असे मानले जाणारे गाजर गवत पाहता पाहता देशभर पसरले, माळव्याची काळी जमीनही त्यातून सुटली नाही. आणि पावसाळा सरता सरता मोकळ्या भूखंडांवर ते फुलू लागले की ज्यांना ते सोसत नाही त्यांची नाके वाहू लागतात.

या व्याधीवरील सुईची कथा 1948 पासून सुरू होते, आणि ते वर्ष इंदूरच्या दृष्टीनेही उलथापालथीचे होते. होळकरांचे संस्थान मध्य भारतात विलीन झाले, महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीस कॉर्टिसोन टोचले, तेव्हा ती काही दिवसांतच चालू लागली. या शोधास 1950 साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे याच, म्हणजे स्टेरॉइडच्या, कुळातील ट्रायअ‍ॅम्सिनोलोनसारखी औषधे अशा स्वरूपात निघाली की, त्यांचे सूक्ष्म स्फटिक स्नायूत साठून राहावेत व कित्येक आठवडे संथपणे विरघळत राहावेत. एकदा टोचून घेतले की शिंकांचा सारा हंगाम निभावतो, अशी ख्याती झालेल्या या औषधास खासगी दवाखान्याचे दार उघडावयास वेळ लागला नाही.

यात केवळ डॉक्टरांचा लोभ पाहणे अन्यायाचे होईल. देवी, प्लेग आणि पुढे पेनिसिलिन यांच्या काळापासून आपल्या लोकांच्या मनात सुईची प्रतिष्ठा दृढ झाली होती, आणि तपासणी फुकट परंतु सुईचे पैसे द्यावेत अशी कित्येकांची समजूत होती. अशा स्थितीत, रोज नाकात फवारा मारा, दोन आठवडे धीर धरा, असे सांगणाऱ्या वैद्यापेक्षा ‘साहेब, एक सुई लावून द्या’ ही इंदुरी मराठीतील विनवणी मान्य करणारा वैद्य लोकांस अधिक गुणी वाटावा, हे स्वाभाविकच होते. नाकापुरतेच काम करणारे स्टेरॉइडचे फवारे सत्तरीच्या दशकापासून उपलब्ध आहेत. त्यांत औषध बहुतांशी नाकातच राहते, तर सुईतील औषध सर्वांगात फिरते, रक्तातील साखर वाढवते, अधिवृक्क ग्रंथींचे स्वतःचे काम मंदावते आणि वारंवार घेतल्यास हाडे ठिसूळ करते.

हे परिणाम सुई देणाऱ्याच्या डोळ्यांआड घडतात, हीच खरी अडचण आहे. रुग्ण आठ दिवसांत बरा होऊन जातो, पुढल्या वर्षी दुसऱ्या दवाखान्यात तीच सुई घेतो, आणि पाच वर्षांनी मधुमेह जडला तर त्या दोहोंचा संबंध जोडील असा कागद कोठेच नसतो. डेन्मार्कमध्ये औषधांची व आजारांची राष्ट्रीय नोंद असल्यामुळेच, वर्षामागून वर्षे अशी सुई घेणाऱ्यांत मधुमेह व अस्थिसुषिरता यांचा धोका अधिक आढळला, हे तेथील संशोधक 2013 साली सांगू शकले. नाकाच्या या विकाराविषयीच्या एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने 2010च्या आपल्या मार्गदर्शनात स्नायूत टोचावयाच्या स्टेरॉइडविरुद्ध स्पष्ट मत दिलेच होते. 2021च्या उन्हाळ्यात करोनातून उठलेले रुग्ण काळ्या बुरशीने नाक व डोळे ग्रासलेल्या स्थितीत इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात दाखल होऊ लागले, तेव्हा मधुमेह आणि अनिर्बंध स्टेरॉइड यांची सांगड किती घातक ठरते, हे शहराने सर्दीहून फार मोठ्या प्रसंगी अनुभवले.

कायद्यांची वाण आपल्याकडे कधीच नव्हती. स्टेरॉइड हे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकू नये असा नियम आहे, आणि मध्य प्रदेश शासनाने 1973 सालीच खासगी उपचारगृहांची नोंदणी व परवाने सक्तीचे करणारा अधिनियम संमत केला. परंतु दवाखान्याची नोंद झाली म्हणजे त्यात टोचल्या गेलेल्या प्रत्येक मात्रेची झाली, असे होत नाही. औषध कोणते, किती मिलिग्रॅम, कोणत्या तारखेस व यापूर्वी केव्हा, एवढ्या चार बाबी लिहिलेला कागद रुग्णाच्या हाती देणे कोणत्याही दवाखान्यास अशक्य नाही. आणि ज्या शहराच्या रुग्णालयाने सव्वाशे वर्षांपूर्वी तुटलेल्या नाकांचा वृत्तांत जगापुढे ठेवला, त्याने वाहत्या नाकांचाही हिशेब मागावा, यात अवाजवी असे काहीच नाही.